समासातली नावं

माणसं मोजायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, जेमतेम दोन महिने, आणि तेवढ्यात भरून पावले. आज माझी भाची येते तेव्हा तिच्या हातात ते टॅब असतं. त्यावर बोटं आपटत ती कुठल्या कुठल्या घरांची माहिती भरत बसते आणि मध्येच मान वर करून विचारते, "मावशी, तुझ्या वेळी कसं करायचे गं हे?" मी म्हणते, कागदावर. एवढ्यावर विषय मिटवते, कारण पुढचं सांगायला घेतलं की दम लागतो. पण आता गुडघ्यांनी घाटाच्या पायऱ्या सोडवल्या, दिवसभर घरात बसून राहणं आलं, आणि बसल्या बसल्या तेच ते मनात येत राहतं. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहून टाकू या.

आम्ही तेव्हा बनारसला राजा घाटाच्या वरच्या गल्लीत राहायचो, भाड्याच्या दोन खोल्या आणि एक अंधारं स्वयंपाकघर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीर्थपुरोहित. दशाश्वमेधावर त्यांची चौकी आणि तिच्यावर बांबूची मोठी छत्री. महाराष्ट्रातून आलेला माणूस समोर उभा राहिला की अण्णा आधी त्याला पाणी द्यायचे, मग गाव विचारायचे, मग आडनाव, आणि मग लाल कापडातली लांबडी वही काढून त्याच्या पणज्याचं नाव वाचून दाखवायचे. चांगले धटिंगण पुरुष तिथे लहान मुलासारखे रडायचे. अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही, ते शाई काढून नवीन मंडळींची नावं लिहायला घेत. घरातही तोच खाक्या. दारात कोणीही येवो, दूधवाला, नळ दुरुस्त करणारा, अण्णा त्याला गाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव विचारल्याशिवाय सोडत नसत. माणसाचं नाव विचारून लिहून ठेवणं यापेक्षा मोठा आदर त्यांच्या लेखी नव्हता, आणि तो मुरत मुरत माझ्याही हाडात मुरला होता.

आईचं राज्य चुलीपुढे. अण्णांकडे येणारी यजमान मंडळी गोडा मसाला, कोकम, कुळथाचं पीठ घेऊन यायची, त्यावर आमची आमटी चालायची, पण बाकी सगळा बनारसी कारभार. थंडीत मटार घातलेले पोहे, त्यांना इथे चूडा-मटर म्हणतात, उन्हाळ्यात सत्तू, आणि सणाला पुरणपोळीबरोबर कचोरी. बोलणंही तसंच. आई 'सब्जी चिरते आणि बाल्टी भरते' म्हणायची, आणि पुण्याची एक बाई एकदा हे ऐकून इतकी हसली की आईने तिला दुसरी पोळी वाढलीच नाही. पहाटे पहिला आवाज खालच्या घाटावरच्या धोब्याच्या आपटण्याचा, मग देवळांच्या घंटा, मग अण्णांचा खोकला. मी बी.ए. होऊन घरात बसले होते आणि या तिन्ही आवाजांचा मला मनापासून कंटाळा आला होता.

त्रिपाठी सर आमच्याकडे आले ते या कंटाळ्यावर औषध म्हणूनच. ते एका संस्थेसाठी काम करायचे. बनारसच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर किती मजूर आपल्या मर्जीने राबतात आणि किती जणांना डांबून ठेवलंय, ते त्यांना मोजायचं होतं. पुरुष त्यांच्याकडे होते, पण भट्टीवरच्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नाहीत, म्हणून मुली हव्या होत्या. आईने साफ नाही म्हटलं. उन्हातान्हात, धुळीत, परक्या माणसांत, लग्नाची मुलगी. अण्णा मात्र म्हणाले, जाऊ दे, माणसांना गाव विचारायचंय ना, ते तिला येतं. बिचारे अण्णा. काम एवढंच आहे असं त्यांना खरंच वाटलं होतं.

सरांनी तीन दिवस शिकवलं. सर बुटके, शांत, सतत घसा साफ करणारे. भट्टीवर गेलं की आधी सगळ्या झोपड्यांना खडूने आकडे घालायचे, मग चिठ्ठी काढून पहिली झोपडी ठरवायची आणि तिथून दर पाचवी. समोरच्या झोपडीतली बाई कितीही बोलकी असली तरी ती पाचवी नसेल तर तिच्याकडे जायचं नाही. प्रश्न छापलेले. जे सांगतील तेच लिहायचं, आपल्याला काय वाटतं ते लिहायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, नाव लिहायचं नाही. ना मजुराचं, ना गावाचं. वर फक्त भट्टीचा आणि झोपडीचा आकडा. मी विचारलं, नाव नाही तर मग तो माणूस कोण हे कळणार कसं? सर म्हणाले, कळायला नको म्हणूनच. मी मान डोलावली, पण खरं सांगते, मला ते असभ्य वाटलं होतं. माणसाकडे जायचं, त्याच्या आयुष्याची चौकशी करायची आणि त्याचं नाव विचारायचं नाही.

पहिला आठवडा नुसता धुळीचा आणि 'अपनी मर्ज़ी से'चा. इथली भट्टी म्हणजे शेतांच्या मधोमध एक उंच धुरांडं, भोवती कच्च्या विटांच्या रांगाच रांगा, आणि कडेला विटांच्याच, कमरेएवढ्या भिंतींच्या झोपड्या. चिखल मळायचा, साच्यात भरायचा, उपडा करायचा, परत भरायचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे मुनीमाच्या लेखी एक मजूर. नाव नवऱ्याचं, बायको कुठेच नाही. मी विचारायची, इथे स्वतःहून आलात का? अपनी मर्ज़ी से. जावंसं वाटलं तर जाता येतं का? हाँ, अपनी मर्ज़ी से. कोणी मारतं, धमकावतं? नाहीं दीदी. बोलताना त्या माझ्याकडे न बघता माझ्या खांद्यावरून मागे बघायच्या, आणि मागे मुनीम खाटेवर बसलेला असायचा. सर आदल्या दिवशीचे कागद सकाळी पाहून म्हणायचे, या हिशोबाने या जिल्ह्यात सगळे सुखी आहेत.

मग एक दिवस माझ्या तोंडून घरचा प्रश्न निघून गेला. एका म्हातारीचं बोलणं मध्येच थांबलं, तर अण्णा चौकीवर यजमानांना विचारतात तसं मी विचारलं, तुमच्या घरात अलीकडे कोणी गेलं का? ती म्हणाली, जाऊ गेली. दहाव्याला कोण गेलं होतं? कोणी नाही, म्हणाली. मुनीमजी म्हणाले सीझन संपल्यावर जा. कागदावर जायला मोकळी असलेली बाई जावेच्या दहाव्याला गेली नाही. दुसऱ्या झोपडीत नवरा गेला होता, पण बायको आणि पोरं मागे ठेवून, म्हणजे तो परत यावा म्हणून. 'जाता येतं का' याला सगळे हो म्हणत होते, आणि 'शेवटचं कोण मेलं, तेव्हा कोण गेलं, कोण राहिलं' याला खरं सांगत होते, कारण मरणाबद्दल विचारताना कोणाला पोलिसाचा वास येत नाही. सरांनी ते ऐकलं, बराच वेळ घसा साफ केला आणि सगळ्या कागदांच्या खाली तो प्रश्न हाताने लिहून घेतला. मला काय वाटलं सांगू? मी हवेत होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला हुशार म्हटलं होतं.

फुलमतिया मला त्याच हवेत भेटली. बिलासपूरकडची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कोपरापर्यंत चिखल आणि दातांना मिसरी. नवरा बुधराम, एक मुलगी. तिची झोपडी पाचवी आली. सगळे प्रश्न तिनेही 'मर्ज़ी से'वर काढले, आणि मी खालचा प्रश्न विचारला तशी ती चिखलाच्या हातांनीच तोंड झाकून रडायला लागली. तिचे ददा, म्हणजे वडील, होळीच्या आधी गेले होते. भावाने निरोप धाडला. दोघांनी मुनीमाचे पाय धरले, पण कोणालाच सोडलं नाही. भाऊ लहान, नीट काही केलं की नाही तेही कळलं नाही. भट्टीपासून गंगा बसने दीड तासावर, पण सहा महिन्यांत तिने ती पाहिली नव्हती. ती मला म्हणाली, "दीदी, ददा को पानी नहीं मिला." तेवढ्यात मुनीमाची हाक आली, ती उठली आणि माझा कागद अर्धा राहिला.

त्या दिवशी जेवताना मी अण्णांना सगळं सांगितलं. आई म्हणाली, हे असलं ऐकायला जातेस का तिथे, आणि माझ्या पानात जास्तीचं तूप घातलं. अण्णा आधी चिडले. बिलासपूरची माणसं आमची यजमान नव्हेत, त्यांचे पुरोहित वेगळे, आणि दुसऱ्याचा यजमान घ्यायचा नाही हा घाटावरचा कडक नियम. बराच वेळ ते भात कालवत राहिले. मग म्हणाले, "यजमान म्हणून नाही. मी माझं तर्पण करतो ना अमावस्येला, त्यात तिच्या बापाला पाणी देईन. तीन पिढ्यांची नावं आण. गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप म्हणू." त्या माणसाचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला की मी ताटावरून उठून त्यांच्या पाया पडले, आणि ते 'उष्ट्या हाताने काय हे' म्हणून ओरडले.

दुसऱ्या दिवशी अर्धा कागद पुरा करायच्या निमित्ताने मी थेट फुलमतियाच्या झोपडीवर गेले. तिला सांगितलं, माझे अण्णा अमावस्येला गंगेत उभे राहून तुझ्या ददाला पाणी देतील. तिला आधी खरंच वाटेना. मग तिने साचा खाली ठेवला, हात धुतले, आणि एकेक नाव सांगितलं. ददाचं सुकालू, आज्याचं मंगलू, पणज्याचं नाव तिला येत नव्हतं तर बुधरामला हाक मारून विचारलं, तोही विचारात पडला, आणि दोघांनी मिळून ते आठवून काढलं. गावाचंही नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं. कशावर? हातात जो कागद होता त्याच्यावर, समासात, सुवाच्य अक्षरात, मुलगी फुलमतिया असं खाली जोडून. नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला, पण मला वाटलं, हे सर्वेक्षणाचं थोडंच आहे, हे घरचं आहे, रात्री अण्णांना सांगून झालं की खोडून टाकू. लिहिताना फुलमतिया वाकून त्या अक्षरांकडे बघत होती आणि तिने मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

दुपारी मुनीमाने आम्हाला चहाला बोलावलं. तो रोजच बोलवायचा. गोरा, हसरा, मला 'बिटिया' म्हणायचा आणि पितळी वाटीत गूळ ठेवायचा. कोणी दिलेला चहा नाकारणं आमच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं, आणि सरांच्या नियमांत त्याबद्दल काही नव्हतं. माझी पिशवी त्याच्या खोलीत खाटेवर ठेवून मी हात धुवायला पंपावर गेले. पंप खडखडत होता, पाणी यायला वेळ लागला. परत आले तेव्हा पिशवी होती तशीच होती. मी चहा प्यायले, गूळ खाल्ला आणि वर त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशीही केली. आज हे लिहिताना माझ्या कानशिलांना झिणझिण्या येतात.

दोन दिवसांनी आम्ही परत गेलो तर झोपडी रिकामी. चूल विझलेली, खडूचा आकडा तेवढा शिल्लक. मुनीम म्हणाला, गावी गेले, घरात कोणीतरी वारलं होतं ना, आणि माझ्याकडे बघून हसला. शेजारच्या बाईने मान वर न करता सांगितलं की त्यांना मालकाच्या भावाच्या भट्टीवर नेलंय, नदीपलीकडे, आणि नेण्याआधी बुधरामला मारलं. खोडायचा राहिलेला, सरांकडे द्यायचाही राहिलेला तो कागद मी पिशवीतून काढून त्यांना दाखवला. सरांनी समास वाचला. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "शालिनी, नाव न लिहिणं हीच त्यांना देण्यासारखी एक गोष्ट आपल्याकडे होती." मी सोडते काम, म्हटलं. ते म्हणाले, सोडून तिचं काय भलं होणार आहे? मी म्हटलं, पोलिसात जाऊ या. सर गेलेही, मला बरोबर घेऊन. तिथल्या माणसाने विचारलं, त्या बाईची तक्रार आहे का? तक्रार नव्हती.

अमावस्येला अण्णा पहाटे घाटावर गेले, मीही गेले. ते कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले आणि आमच्या आजोबा-पणजोबांनंतर सुकालू, मंगलू अशी नावं घेत त्यांनी ओंजळी सोडल्या. थांबून, स्वच्छ उच्चार करत, इतर कोणत्याही यजमानासाठी म्हणतात तसंच. मी त्यांना घडलेलं सांगितलं नव्हतं. तेवढी हिंमत नव्हती. पायरीवर बसून मी रडले, तर त्यांना वाटलं भाविकपणाने रडतेय. वर येऊन ओल्या पंच्यानेच म्हणाले, आता त्या मुलीला जाऊन सांग, झालं म्हणावं, बापाला पाणी पोचलं.

कामाचा एक नियम असा होता की झोपडी हलली आणि कुठे गेली ते कळलं, तर तिथे जाऊन पुन्हा सगळे प्रश्न विचारायचे आणि दुसरा कागद खरा धरायचा, पहिला रद्द. सर म्हणाले, दुसरी कोणी जाईल. मी हट्टाने गेले. मला एकच करायचं होतं, तिला सांगायचं होतं की पाणी दिलं. नदीपलीकडची ती भट्टी अगदी पहिलीसारखीच. एक माणूस काठी घेऊन आमच्याबरोबर चालू लागला आणि झोपड्या दाखवतो म्हणाला. सरांनी त्याला लांब उभं राहायला सांगितलं, तो चार पावलं सरकला. फुलमतिया साचा भरत होती. बुधरामच्या गालावर पिवळी पडत चाललेली सूज होती. मुलगी तिच्या पदराला धरून बसली होती. फुलमतियाने मला पाहिलं आणि तिच्या तोंडावरची रेषाही हलली नाही.

मी पहिल्यापासून विचारायला घेतलं, एखाद्या अनोळखी बाईला विचारावं तसं. आली कशी? अपनी मर्ज़ी से. आधी कुठे होती? कहीं नहीं, गाँव में. जाता येतं? हाँ. कोणी मारतं? नाहीं. कागद पुरा केल्याशिवाय उठता येत नव्हतं, आणि शेवटचा प्रश्न माझाच होता. मी तो विचारला. घरात अलीकडे कोणी गेलं का?

तिने साचा उपडा केला, वीट मोकळी केली, आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "कोई नहीं मरा, दीदी. ददा अच्छे हैं."

काठीवाला ऐकत होता. मला तिला सांगायचं होतं ते तोंडातच राहिलं, कारण ते सांगणं म्हणजे तिला खोटं पाडणं होतं, आणि बुधरामचा दुसरा गाल अजून शाबूत होता. मी कागदावर 'नाही' लिहिलं. सरांनी पहिला कागद माझ्यासमोर फाडला, दुसरा गठ्ठ्यात घातला. काही महिन्यांनी तो अहवाल छापून आला, आत तक्ते होते आणि माझ्या प्रश्नाचं कौतुक होतं. आपल्या मर्जीने राबणाऱ्यांच्या रकान्यात जो आकडा होता त्यातली एक ती आहे, आणि तिला तिथे मी घातलंय. तो आकडा पुढे कोणी कोणी कुठे कुठे वापरला असेल, देव जाणे.

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. आईने पाट मांडले होते, आमटीला फोडणी बसत होती. अण्णांनी विचारलं, "सांगितलंस का तिला? काय म्हणाली?"

मी म्हटलं, सांगितलं. बरं वाटलं म्हणाली. आणि हात धुवून पानावर बसले.